मोकळी, पण कोरी नाही

फोनच्या गॅलरीत एखाद्या फोटोवर बोट ठेवलं की तो उघडतो, एवढंच आपल्याला दिसतं. तेवढ्या वेळात अँड्रॉइडच्या तळाशी असलेल्या लिनक्स कर्नलला बरीच लिखापढी करावी लागते. फोटोपर्यंतच्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरची एक नोंद हवी. फाइल केवढी, कोणाच्या मालकीची, डिस्कवर कुठे ठेवलेली, हे सांगणारी दुसरी नोंद हवी. कोणत्या ॲपने ती उघडली आणि वाचन कुठवर आलं, हे सांगणारी तिसरी. ॲप बंद झालं की यातल्या काही नोंदी टाकून द्यायच्या, काही पुन्हा लागतील म्हणून जपायच्या. एकेक नोंद शे-दोनशे ते हजारभर बाइटांची. पण मोठ्या सर्व्हरवर अशा नोंदी लाखांच्या घरात जातात आणि दर सेकंदाला हजारोंनी बनतात, हजारोंनी मोडतात. या सगळ्यांना मेमरीत जागा लागते. ॲपला मेमरी हवी असली तर ते कर्नलकडे मागतं. कर्नलला स्वतःलाच हवी असली तर मागायला वर कुणी नाही. आपल्याच कोठारातून आपणच मोजून घ्यायची आणि हिशेबही आपणच ठेवायचा.

हे काम कारकुनी वाटतं, आणि पुष्कळ वर्षं ते तसंच हाताळलं गेलं. कोणी अमुक बाइट मागितले की तेवढी मोकळी जागा शोधून द्यायची, परत आली की मोकळ्या जागांच्या यादीत टाकायची. जागा लवकर कशी शोधावी आणि कमी वाया कशी घालवावी, एवढीच चर्चा. माझं म्हणणं असं की या क्षेत्रातली खरी प्रगती शोधण्याच्या युक्तीतून झाली नाही. कर्नलने ‘किती?’ या प्रश्नाला ‘कशासाठी?’ हा दुसरा प्रश्न जोडला, तेव्हा ती झाली. गेल्या तीस वर्षांतल्या बहुतेक सुधारणा, आणि बहुतेक भांडणंही, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर किती काळजीने जपायचं याभोवतीच फिरत आली आहेत.

कर्नलची अडचण ॲपपेक्षा वेगळी का, ते आधी पाहायला हवं. ॲपला दिसणारे मेमरीचे पत्ते खरे नसतात. खऱ्या पत्त्यांशी त्यांची सांगड घालणारा तक्ता कर्नल सांभाळतो. म्हणून ॲपची मेमरी त्याच्या नकळत इकडची तिकडे हलवता येते, प्रसंगी डिस्कवरही टाकता येते. कर्नलच्या स्वतःच्या नोंदींना ही सोय नाही. एका नोंदीत दुसरीचा पत्ता थेट लिहिलेला असतो, दुसरीत तिसरीचा. मधली एखादी उचलून दुसरीकडे ठेवायची तर तिचा पत्ता कुठे कुठे लिहिला आहे हे आधी ठाऊक असायला हवं, आणि ते सहसा नसतं. त्यामुळे नोंद जिथे बसली तिथेच मरेपर्यंत राहते. त्यातून सर्व्हर महिनोन्‌महिने बंद होत नाही. पहिल्या दिवशी केलेली गैरसोयीची वाटणी सहाव्या महिन्यातही छळत असते.

मेमरीचा घाऊक व्यवहार पेजमध्ये चालतो, आणि बहुतेक यंत्रांवर एक पेज ४०९६ बाइटांचं असतं. ही पेजं वाटायला लिनक्स आजही ‘बडी’ पद्धत वापरतो. तिची कल्पना १९६३मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांना सुचली, असं डोनल्ड नुथ यांनी नोंदवलं आहे. गुंतवणुकीच्या सिद्धांतासाठी १९९०चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मार्कोविट्झ ते हेच. जोखीम विभागणारा माणूस मेमरीही विभागून गेला! बेल लॅब्जच्या केनेथ नोल्टन यांनी १९६५मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. मोठा तुकडा घ्या, निम्मा करा, पुन्हा निम्मा करा, हव्या त्या मापाचा तुकडा मिळेपर्यंत. परत आलेल्या तुकड्याचा जोडीदारही मोकळा असला तर दोघांना पुन्हा जोडा. जोडीदाराचा पत्ता काढायला द्विमान पद्धतीतला एक अंक उलटा केला की पुरतं, म्हणून पद्धत कमालीची वेगवान. पेजांसाठी ती उत्तम आहे. पण किरकोळ मागण्यांनाही दोनच्या घातांची मापं लावली की भुर्दंड बसतो: २६० बाइट मागणाऱ्याला ५१२ द्यावे लागतात.

हा भुर्दंड निव्वळ वाया गेलेल्या जागेचा असता तरी चाललं असतं. खरं दुखणं त्याच्या मागे दडलेलं आहे. फाइलची माहिती ठेवणारी नोंद, जिला युनिक्सच्या जगात आयनोड म्हणतात, ती नव्वदच्या दशकात सुमारे ३०० बाइटांची होती. तिला ५१२चं खोकं मिळे, आणि प्रत्येक खोकं ५१२च्या पटीतल्या पत्त्यावर सुरू होई. या ३०० बाइटांपैकी सतत वाचले जाणारे फक्त सुरुवातीचे ४८. म्हणजे यंत्रात हजारो आयनोड असले तरी सगळ्यांची वर्दळ प्रत्येक ५१२ बाइटांच्या पहिल्या ४८ बाइटांवर. प्रोसेसर अलीकडे वाचलेली मेमरी स्वतःजवळच्या छोट्या, चपळ कॅशमध्ये ठेवतो, आणि कॅशमधली जागा पत्त्यावरून ठरते. सगळे पत्ते एकाच साच्याचे असले की कॅशच्या त्याच त्या कोपऱ्यात गर्दी होते आणि बाकीची कॅश ओस पडते. हिशेब सोपा आहे: ४८ भागिले ५१२, म्हणजे आयनोडांच्या वाट्याला कॅशचा जेमतेम ९ टक्के भाग. नीटनेटक्या मापांच्या हव्यासापायी प्रोसेसरमधला सगळ्यात महाग भाग रिकामा ठेवला जात होता, आणि वाटप करणाऱ्याला त्याची गंधवार्ता नव्हती. आपण आयनोड देतो आहोत हेच त्याला माहीत नव्हतं.

हा हिशेब मांडला सन मायक्रोसिस्टिम्सच्या जेफ बॉनविक यांनी. १९९४च्या उन्हाळ्यात बोस्टनमध्ये भरलेल्या युझनिक्स परिषदेत त्यांनी ‘स्लॅब ॲलोकेटर’वरचा निबंध वाचला, ती रचना सनच्या सोलारिस २.४ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बसवलेली होती. (झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या जनकांपैकी एक म्हणून हे नाव पुढे अधिक गाजलं.) निबंधाच्या मुळाशी एक निरीक्षण आहे. कर्नलमधली नोंद बनवताना जागा मिळवण्यापेक्षा ती जागा वापरण्याजोगी करण्यातच कितीतरी वेळा जास्त वेळ जातो. नोंदीच्या पोटात कुलपं असतात, याद्यांची टोकं असतात, मोजणीचे आकडे असतात. ते सगळं एका ठरावीक सुरुवातीच्या स्थितीत आणावं लागतं. आणि गंमत अशी की नोंद टाकून देण्याची वेळ येते तेव्हा तिचं कुलूप उघडलेलं असतं, यादी रिकामी झालेली असते, आकडा शून्यावर आलेला असतो. म्हणजे जी स्थिती पुढच्या नोंदीसाठी खटपटीने आणावी लागणार, तीच स्थिती मागची नोंद आपसूक सोडून जाते. मग ती पुसून पुन्हा लिहायची कशाला?

प्रत्येक लग्नाला मोकळ्या मैदानात मांडव घालायचा आणि दुसऱ्या दिवशी सोडायचा, हा एक प्रकार. मंगल कार्यालय हा दुसरा. कार्यालयात दोन लग्नांच्या मध्ये झाडलोट होते, हार बदलतात, नावांची पाटी बदलते. स्टेज आणि स्वयंपाकघर कुणी पाडत नाही. बॉनविक यांची सूचना हीच होती. प्रत्येक प्रकारच्या नोंदीची वेगळी कॅश (प्रोसेसरमधली नव्हे, मेमरीतलाच राखीव साठा) ठेवा, परत आलेली नोंद तिच्या तयार स्थितीतच ठेवून द्या, आणि पुढच्या मागणीला तशीच देऊन टाका. सनच्या स्पार्कस्टेशन-२ यंत्रावर त्यांनी ‘स्ट्रीम हेड’ नावाच्या, आत बरंच सामान असलेल्या नोंदीचा वेळ मोजला. जिथे सुमारे ३० मायक्रोसेकंद लागत, तिथे काम सहाच्या आत आलं, म्हणजे पाचपट जलद. साध्या नोंदींना फायदा कमी झाला, दीडपटीच्या आसपास. हा फरकच बोलका आहे. जिच्याबद्दल जपण्यासारखी माहिती जास्त, तिथे लाभ जास्त.

या कॅशची अंतर्गत रचनाही जवळून पाहण्यासारखी आहे. फोल्डर आणि फाइलच्या नावांची नोंद, जिला लिनक्समध्ये डेंट्री म्हणतात, ती ६४ बिटांच्या यंत्रावर सर्वसाधारणपणे १९२ बाइटांची असते. दोनच्या घातांची मापं लावली तर तिला २५६चं खोकं लागेल आणि ४०९६ बाइटांच्या पेजमध्ये १६ डेंट्री मावतील. स्लॅब पद्धतीत पेज फक्त डेंट्रींसाठीच राखून ठेवलेलं असतं; अशा राखीव तुकड्यालाच स्लॅब म्हणतात. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या मापाची फिकीर न करता ते १९२-१९२च्या तुकड्यांत कापता येतं: २१ तुकडे, ४०३२ बाइट, आणि शेवटी ६४ बाइट उरतात. तेवढ्याच मेमरीत पाच नोंदी जास्त. पेजमध्ये नीट न बसणाऱ्या नोंदींसाठी अनेक पेजं जोडून मोठा स्लॅब घेतला जातो. वाया जाणारी जागा एक-अष्टमांशाच्या, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या, वर जाऊ द्यायची नाही अशी मर्यादा बॉनविक यांनी घातली होती. शिवाय उरलेल्या त्या किडुकमिडुक बाइटांचाही त्यांनी उपयोग केला. एका स्लॅबमध्ये पहिली नोंद अगदी आरंभी ठेवायची, पुढच्या स्लॅबमध्ये थोडी सरकवून, त्यापुढच्यात आणखी थोडी. असं केलं की सारख्या नोंदींचे पत्ते एका साच्याचे राहत नाहीत आणि प्रोसेसरच्या कॅशमधली ती एका कोपऱ्यातली गर्दी पांगते. निबंधातला हा तुकडा मला सगळ्यात देखणा वाटतो. कचरा म्हणून उरलेल्या जागेनेच वेग वाढवून दिला आहे.

प्रत्येक प्रकाराला वेगळी पेजं देण्याची कल्पना सर्वस्वी बॉनविक यांची नव्हती, हेही सांगायला हवं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ‘माक’ कर्नलमध्ये वेगवेगळ्या नोंदींसाठी वेगवेगळे झोन आधीपासून होते. नोंदीची तयार स्थिती जपणं, कॅशमधली गर्दी पांगवणं आणि गरज नसलेले स्लॅब परत देणं हे सगळं त्यांनी एकाच साध्या रचनेत बसवलं, आणि ती रचना इतकी पटण्यासारखी होती की लिनक्सने दोन-तीन वर्षांत ती उचलली. तिचा आणखी एक फायदा बाहेरच्यांच्या फारसा लक्षात येत नाही: चुका पकडणं सोपं झालं. मोकळ्या नोंदीत षोडशमान पद्धतीत ‘डेडबीफ’ असा वाचता येणारा आकडा भरून ठेवायचा. पुन्हा देताना तो बिघडलेला दिसला की टाकून दिलेल्या नोंदीवर कुणीतरी मागाहून लिहिलं हे कळतं. आणि ते पेज एकाच प्रकाराचं असल्यामुळे संशयितांची यादीही आपोआप आखूड होते.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप लिनक्समध्येच घेतला गेला आणि तो वजनदार आहे. तयार नोंद जपण्यात फायदा आहे तो लिहिण्याचे कष्ट वाचतात म्हणून; पण स्पार्कस्टेशन-२ हे ४० मेगाहर्ट्झचं यंत्र होतं. त्यानंतर प्रोसेसर जितके वेगवान झाले तितकी मेमरी झाली नाही. आजच्या प्रोसेसरला काही बाइट शून्य करायला काहीच वाटत नाही, ते बाइट दूरच्या मेमरीतून आणायला मात्र फार वाटतं. पूर्वीच तयार करून ठेवलेली नोंद वापरायच्या वेळेपर्यंत प्रोसेसरच्या कॅशमधून बाहेर गेलेली असेल, तर ती पुन्हा आणण्यात वाचवलेला वेळ निघून जातो. लिनक्समध्ये २००७मध्ये नोंदी मोडण्याच्या वेळी चालणाऱ्या खास फंक्शनांची सोय काढून टाकण्यात आली, कारण तिचा वापर करणारं जवळपास कुणी उरलं नव्हतं. नोंद बनवण्याच्या वेळची सोय राहिली, पण आज थोड्याच कॅश ती वापरतात.

तेव्हा बॉनविक यांचा मूळ मुद्दा काळाने खोडून काढला का? अर्धाच. मूळ मुद्द्यातला वेळ वाचवण्याचा भाग झिजला, पण प्रकार जाणण्याचा भाग उलट अधिक कामाचा ठरला. फाइल सिस्टिमांचे आयनोड अजूनही कुलपं-याद्या एकदाच तयार करून जपतात. त्याहून महत्त्वाचं उदाहरण नेटवर्कचं आहे. येणारं प्रत्येक पाकीट कोणत्या जोडणीचं हे शोधताना कर्नल कुलूप न लावता जोडण्यांची यादी वाचतो. कुलूप लावलं तर वेग मरतो. पण वाचता वाचता समोरची जोडणी तुटली आणि तिची जागा दुसऱ्या कुणाला गेली तर? लिनक्सचं उत्तर असं: जाऊ दे, पण ती जागा टीसीपी जोडणीच्याच नोंदीला जाईल, दुसऱ्या कशाला नाही, एवढी हमी ठेवू. मग वाचणाऱ्याच्या हाती फार तर चुकीची जोडणी लागते, जोडणीऐवजी भलतंच काही लागत नाही. तो ओळख पुन्हा पडताळतो, जुळली नाही तर परत शोधतो. ‘किती बाइट’ एवढंच विचारणाऱ्या वाटप-पद्धतीला अशी हमी देताच येत नाही. ती देता येते कारण मोकळी झालेली जागासुद्धा आपण कशाची होतो हे विसरलेली नसते.

पुढचा पेच अनेक प्रोसेसरांचा. एका कॅशला एकच कुलूप असेल आणि ६४ प्रोसेसर रांगेत उभे असतील तर वेगाच्या बाता व्यर्थ. बॉनविक यांनीच जोनाथन ॲडम्स यांच्यासोबत २००१मध्ये यावर तोडगा मांडला. प्रत्येक प्रोसेसरपाशी मोकळ्या नोंदींची दोन ‘मॅगझिनं’ द्यायची, बंदुकीतल्या काडतुसांसारखी भरलेली. ती संपली तरच सामायिक आगाराकडे जायचं. उपाय उत्तम, पण अतिरेकी मापाच्या यंत्रांवर त्याचा दुसरा चेहरा दिसला. लिनक्समधल्या जुन्या ‘स्लॅब’ रचनेतही प्रत्येक प्रोसेसरच्या, प्रत्येक मेमरी-गटाच्या अशाच रांगा होत्या. एसजीआय कंपनीतले ख्रिस्तोफ लॅमेटर यांनी २००७मध्ये तक्रार मांडली की हजारेक प्रोसेसरांच्या त्यांच्या यंत्रांवर नुसत्या या रांगा सांभाळण्यातच कित्येक गिगाबाइट अडकतात. रांगेतल्या नोंदी वेगळ्याच. त्यांनी ‘स्लब’ ही नवी रचना लिहिली. तिच्यात रांगा नाहीत. मोकळ्या नोंदींची साखळी स्लॅबच्याच पोटात असते, आणि प्रत्येक प्रोसेसर एकेका स्लॅबवर आपला हक्क ठेवून काम करतो.

त्यानंतरचा इतिहास मला बोधप्रद वाटतो, कारण तो सरळ रेषेत गेला नाही. लहान यंत्रांसाठी ‘स्लॉब’ नावाची तिसरी रचना होती. ती प्रकाराच्या फंदात फारशी पडत नसे आणि मोकळ्या जागेतून मापाचा तुकडा कापून देई. २०२३मध्ये लिनक्स ६.४मधून ती काढली. मूळ ‘स्लॅब’ २०२४मध्ये ६.८मधून गेली आणि ‘स्लब’ एकटी उरली. आणि २०२५च्या अखेरीस ६.१८मध्ये त्याच ‘स्लब’मध्ये ‘शीव्ज’ नावाने प्रत्येक प्रोसेसरच्या मोकळ्या नोंदींच्या पेंढ्या आल्या. ज्या रांगांचा कंटाळा येऊन ‘स्लब’ जन्मली, त्याच थोड्या शहाण्या होऊन परतल्या. रांगा ठेवायच्या की नाही यावर गेल्या अठरा वर्षांत मत फिरलं आणि पुन्हा फिरलं; प्रत्येक प्रकाराची कॅश वेगळी, हे तत्त्व मात्र त्या वादात कुणी उघडपणे सोडलं नाही. उलट त्याला न जुमानणारी ‘स्लॉब’च बाहेर पडली.

दुसरा आक्षेप काटकसरीचा आहे. वेगळेपणा जितका जास्त, तितकी अर्धवट भरलेली पेजं जास्त. डेंट्रींचं ते पेज पुन्हा घ्या. एकवीसपैकी वीस नोंदी मेल्या, एक जगली. नोंद हलवता येत नाही, म्हणून संपूर्ण ४०९६ बाइट एका १९२ बाइटांच्या नोंदीपायी अडकले. फाइलींचं मोठं जंगल एकदा धुंडाळून झालेल्या सर्व्हरवर अशी अर्धीमुर्धी पेजं ढिगाने सापडतात. यावर बॉनविक यांचं उत्तर असं होतं की एकाच प्रकारच्या नोंदींचं आयुष्यही साधारण सारखं असतं. अल्पायुषी नोंदी दीर्घायुषींच्या शेजारी बसल्या की पेज अडकतं. प्रकारवार बसवल्या तर ते बऱ्याच अंशी टळतं. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. डेंट्री-डेंट्रीत फरक असतो: मुख्य फोल्डरची डेंट्री यंत्र बंद होईपर्यंत जगते, तात्पुरत्या फाइलची क्षणात जाते.

वेगळेपणाचा अतिरेक कसा अंगाशी येतो हेही लिनक्सने पाहिलं. एका सर्व्हरवर अनेक ग्राहकांची कामं एकमेकांपासून अलग ठेवण्यासाठी जे गट करतात, त्यातल्या प्रत्येक गटाला काही काळ प्रत्येक कॅशची स्वतःची प्रत दिली जाई. प्रकार गुणिले गट! कुणी कुणाच्या पेजमध्ये बसायचं नाही, त्यामुळे सगळीकडे अर्धी पेजं. २०२०मध्ये ५.९ आवृत्तीत हे मोडून सगळ्या गटांना एकाच पेजमध्ये बसवलं आणि हिशेब मात्र नोंदवार ठेवला. म्हणजे ‘कशासाठी’ हा प्रश्न टिकला, ‘कुणासाठी’ हा वाटपातून निघाला. मला हा निवाडा योग्य वाटतो. नोंदीचा आकार आणि आयुष्य तिच्या प्रकाराशी बांधलेलं असतं. मालकाशी तितकं नाही. ज्याच्या उत्तराने वाटप सुधारत नसेल तो प्रश्न वाटपाच्या वेळी विचारू नये.

मेमरी आता स्वस्त आहे, मग एवढी कंजुषी कशाला, असंही कुणी म्हणेल. ज्यांच्या फोनमध्ये मागचं ॲप पुन्हा उघडलं की पहिल्यापासून सुरू होतं, त्यांना या प्रश्नाचं उत्तर देण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप मात्र सगळ्यात गंभीर, कारण तो ‘कोरी नसलेली’ जागा देण्याच्या कल्पनेवरच आहे. जुनी स्थिती जपायची म्हणजे जुनं काहीतरी नव्याच्या हाती द्यायचं, आणि ते काय असेल याचा भरवसा काय? २०२२मध्ये मॅक्स केलरमन या प्रोग्रामरने उघडकीला आणलेला ‘डर्टी पाइप’ नावाचा दोष याचं ठळक उदाहरण. एका प्रोसेसकडून दुसरीकडे माहिती नेणारा पाइप हा काही कप्प्यांच्या वर्तुळाने बनतो आणि तेच कप्पे फिरून फिरून वापरले जातात. कप्प्यात नवं पेज बसवताना त्याचा पत्ता, सुरुवात आणि लांबी लिहिली जाई. ‘यात पुढे आणखी लिहायला हरकत नाही’ हे सांगणारी खूण मात्र पुसायची राहून गेली होती. आधीच्या वापराची ती खूण तशीच राही. मग जी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे, तिचं पेज अशा कप्प्यात आणून त्यावर लिहिता येई. पुसायची राहिलेली ही ओळ २०१६पासून कर्नलमध्ये होती, आणि २०२०मधल्या दुसऱ्या एका बदलानंतर तिचा गैरफायदा घेता येऊ लागला. नव्या अँड्रॉइड फोनांनाही तिची झळ होती. हा दोष स्लॅबमधला नव्हता, पाइपच्या स्वतःच्या कप्प्यांतला होता. तरी जातकुळी तीच. म्हणून २०१९पासून लिनक्समध्ये मेमरी देताना ती सरसकट शून्य करून देण्याचा पर्याय आहे, आणि सुरक्षेचा आग्रह धरणारे तो चालू ठेवतात. तिथे बॉनविक यांची वेळेची बचत जाणूनबुजून सोडून दिली जाते.

पण या आक्षेपाची धार उलटीही फिरते. कर्नलवरच्या हल्ल्यांचा एक नेहमीचा मार्ग असा: एखादी नोंद टाकून दिल्यावरही तिचा पत्ता कुठेतरी उरलेला आहे, असा दोष शोधायचा. मग ती जागा दुसऱ्याच प्रकारच्या नोंदीने भरून घ्यायची, जिच्यातला मजकूर आपल्याला हवा तसा लिहिता येतो. जुन्या पत्त्यावरून वाचणारा कर्नल त्या मजकुरालाच जुनी नोंद समजतो. ही युक्ती चालते ती जागेचा प्रकार बदलता येतो म्हणून. प्रत्येक प्रकाराची पेजं खरोखर वेगळी राहिली तर ती फार अवघड होते. आणि इथे लिनक्सची कुचंबणा दिसते. जागा वाचवण्यासाठी ‘स्लब’ मिळत्याजुळत्या मापाच्या कॅश गुपचूप एकत्र करते. शिवाय कर्नलमधला पुष्कळसा कोड वेगळी कॅश न बनवता ‘मला इतके बाइट दे’ असंच मागतो आणि त्याला ठरावीक मापांच्या सामायिक कॅशमधून मिळतं. म्हणजे तीस वर्षांपूर्वी सोडलेला ‘किती?’ हा एकटा प्रश्न मागच्या दाराने आत आला आहे. २०२३च्या ६.६ आवृत्तीत यावर एक अर्धा उपाय आला: सामायिक कॅशच्या १६ प्रती ठेवायच्या, आणि कोडमधल्या कोणत्या जागेवरून मागणी आली त्यावरून, दर वेळी यंत्र सुरू होताना बदलणाऱ्या गुप्त आकड्याच्या मदतीने, प्रत निवडायची. कर्नलला प्रकार ठाऊक नसेल तर निदान मागणाऱ्याचं ठिकाण तरी त्याच्या जागी वापरावं, असा हा जुगाड आहे.

ॲपलने अधिक खर्चिक वाट धरली. आयफोनच्या कर्नलचं मूळ ‘माक’मध्ये आहे, त्यामुळे झोनांची कल्पना त्यांच्या घरातलीच. २०२१च्या आयओएस १५मध्ये त्यांनी ‘केॲलॉक टाइप’ आणलं. नोंदीचा प्रकार कोणता हे प्रोग्रामरने सांगायची वाट न पाहता कंपायलरच ते कोडमधून काढतो आणि वाटप करणाऱ्याला कळवतो. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र झोन मात्र त्यांनाही परवडला नाही. अर्ध्या पेजांचा तो जुना खर्च तिथेही आडवा आला. म्हणून प्रकारांचे गट पाडतात, आणि कोणता प्रकार कोणत्या गटात हे प्रत्येक वेळी फोन सुरू होताना चिठ्ठ्या टाकल्यासारखं नव्याने ठरतं. जोडीला एक नियम आहे: एका झोनला दिलेले पत्ते दुसऱ्या झोनला कधीच द्यायचे नाहीत. खरी मेमरी परत घेतात, ती दुसरीकडे वापरतात. पत्ते मात्र राखीवच राहतात. ३२ बिटांच्या यंत्रावर ही उधळपट्टी झाली असती, कारण तिथे पत्तेच संपले असते. ६४ बिटांच्या कर्नलपाशी पत्त्यांना तोटा नाही.